रंगावर जाऊ नका, शेपटी बघा!

मृगाचा पहिला सडाका पडला की यवतमाळपासून उमरखेडपर्यंत सगळ्यांची नाकं एकदम वर होतात. मातीचा तो वास! कवींनी त्यावर भरपूर शाई खर्ची घातली आहे. पण तो वास मुळात आपल्यासाठी नसतोच. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन हे रसायन सोडतात, त्याचा तो दरवळ. 2020 मध्ये स्वीडन आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की हे आवतण असतं मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या एका जिवाला. त्यानं यावं, जिवाणूंवर ताव मारावा आणि जाताना त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून, विष्ठेतून टाकत पुढे न्यावेत, असा रोखठोक व्यवहार. पाहुण्याचं नाव स्प्रिंगटेल.

तुम्ही त्याला पाहिलेलं आहे. तुळशीच्या कुंडीत जरा जास्त पाणी पडलं की मातीवरून टणाटण उडणारे पांढरे कण तेच. कोठ्यामागच्या शेणखताचा ढीग फावड्यानं उलथला की खाली जी भुरकट लगबग उडते, त्यातही हेच असतात. साचलेल्या पाण्यावर काळसर थर दिसतो आणि काडी लावताच तो थरच उडू लागतो, तेव्हाही हेच. चांगल्या ओल्या रानात एक चौरस मीटर मातीत यांची संख्या हजारोंत जाते, काही ठिकाणी लाखाच्या घरात.

टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघाची कीर्ती आता देशभर आहे. तिथला एक पठ्ठ्या 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि 1300 किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पेपरांनी त्याचा नकाशा छापला. त्याच टिपेश्वरात सागाच्या कुजक्या पानांखाली जो कारभार चालतो, त्याचा नकाशा कोण छापणार? म्हणून हा खटाटोप. घड्याळजीचं किंवा सोनाराचं दहापट भिंग आणि एक पांढरी बशी एवढ्या भांडवलावर बरंच काही ओळखता येतं.

सहा पाय, पण कीटक नाही

पाय सहा, मिशा दोन, तरी आजचं शास्त्र याला कीटकांच्या यादीत बसवत नाही. कीटकांचे जबडे बाहेर दिसतात. यांचे डोक्याच्या आत दडलेले असतात. यांच्या पोटाला फक्त सहा वलयं, मिशीला सहसा चार पेरं. पंख नाहीत, कधी नव्हतेच. आणि कीटक वयात आला की सहसा कात टाकणं थांबवतो. हे मात्र म्हातारपणीही टाकतच राहतात. बहुतेकांना श्वासनलिकाही नसतात. सगळा श्वास कातडीतून.

वंश केवढा जुना म्हणाल, तर स्कॉटलंडच्या ऱ्हायनी गावच्या खडकात यांचा सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म मिळाला. डायनासोर तेव्हा पुष्कळ लांब होते. 1926 मध्ये त्याला ‘ऱ्हायनिएला प्रिकर्सर’ हे नाव दिलं दोघांनी, हर्स्ट आणि मौलिक. यातले समरेंद्र मौलिक आपले, भारतीय. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात काम करणारे कीटकशास्त्रज्ञ. हे आपल्या शाळेत का सांगत नाहीत कोण जाणे.

या गटाला ‘कोलेम्बोला’ हे नाव देणारा जॉन लबक तर अजब माणूस. धंद्यानं बँकर, डार्विनचा शेजारी, आणि इंग्लंडात 1871 मध्ये बँकांना सुट्टी देणारा कायदा आणणारा खासदार. स्प्रिंगटेलवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ 1873 चा. सुट्टीत काय करायचं, हा प्रश्न निदान त्याला तरी पडला नसावा.

उडणारा प्रत्येकजण हा नव्हे

पऱ्हाटीच्या वावरात उडणाऱ्यांची कमी नाही, म्हणून आधी खात्री. तुडतुडा पानावर असतो, तिरका चालतो आणि पायांच्या जोरावर उडतो. फुलकिडा पातळ, पानाच्या शिरेलगत खरवडत बसलेला. पिसू दोन्ही बाजूंनी चपटी, उडते ती मागच्या पायांवर, आणि चावते. स्प्रिंगटेल चावत नाही, रक्त पीत नाही, बहुधा जमिनीलगतच राहतो, आणि उडताना पायांचा वापर करतच नाही.

त्याचं यंत्र पोटाखाली असतं. पोटाच्या चौथ्या वलयाला एक बेचकं जोडलेलं असतं. ते पुढे दुमडून तिसऱ्या वलयावरच्या आकड्यात अडकवलेलं. धोका जाणवला की आकडा सुटतो, बेचकं उंदराच्या पिंजऱ्याच्या खटक्यासारखं जमिनीवर आदळतं, आणि गडी हवेत. गोल अंगाच्या ‘डिसिर्टोमिना’ची उडी अमेरिकेत अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपली. 2024 मध्ये छापून आलेला आकडा: सेकंदाला 368 गिरक्यांपर्यंतचा वेग, त्याही उलट्या. उंची स्वतःच्या उंचीच्या साठपट. ऑलिंपिकवाल्यांनी बघू नये.

उतरायचं कसं, हा प्रश्न वेगळा. पोटाच्या पहिल्या वलयाखाली एक आखूड नळी असते. ही नळी म्हणजे स्प्रिंगटेलचं ओळखपत्र. बेचकं नसलेले स्प्रिंगटेल असतात, नळी नसलेला नाही. पाणी पिणं, अंगातल्या क्षारांचा तोल राखणं, गुळगुळीत जागी चिकटणं, सगळं तिच्याकडे. 2022 मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की पाण्याच्या पृष्ठभागावर राहणारा एक स्प्रिंगटेल उडताना या नळीवर पाण्याचा थेंब घेऊन जातो. थेंबाच्या वजनानं तो हवेतच सरळ होतो आणि उतरल्यावर तोच थेंब त्याला पाण्याला धरून ठेवतो. पाठीवर आपटणं क्वचितच.

गोल की लांब?

ओळखीची पहिली पायरी हीच, आणि ती कुणालाही जमते. अंग गोल, वलयं एकमेकांत मिसळलेली, डोकं खाली झुकलेलं, तर तो गोलोबांच्या दोन गटांपैकी एकातला. मिशा डोक्यापेक्षा लांब असतील तर सिंफिप्लिओना. मिशा डोक्याहून आखूड, डोळेच नाहीत आणि सगळा देह अर्ध्या मिलिमीटरचाही नाही, तर नीलिप्लिओना. तो दिसला तर तुमच्या नजरेला दाद.

गोलोबांतले काही ती पोटाखालची नळी लांबच लांब बाहेर काढून थेट स्वतःची पाठ पुसतात. डबक्यावरच्या हिरव्या पापुद्र्यावर राहणाऱ्या ‘स्मिंथुरायडिस’मध्ये नर-मादी ओळखणं तर फारच सोपं. नर छोटा आणि त्याच्या मिशांचे चिमटे झालेले. त्या चिमट्यांनी तो मादीच्या मिशा धरून ठेवतो आणि ती त्याला उचलून हिंडवते. बाकीच्या बहुतेक जातींत इतकीही जवळीक नाही. नर देठावरचा शुक्राचा थेंब जमिनीवर ठेवून चालू लागतो, मादीला सापडला तर ठीक.

अंग लांबट असेल तर मानेमागचं पहिलं वलय बघा. वरून ते नीट दिसत असेल, त्यावर केस असतील, पाय आखूड आणि चाल संथ असेल, तर गट पोड्युरोमॉर्फा. शेणखतातले गुबगुबीत, निळसर-काळे जीव बहुधा याच घराण्यातले. ते वलय मागच्या वलयाखाली लपलेलं, अंग सडपातळ आणि पळण्यात चपळ, तर एंटोमोब्रायोमॉर्फा. हे चार गट झाले. जगातल्या नऊ हजारांहून अधिक नोंदलेल्या जाती या चार घरांत बसतात.

चौथं वलय आणि चंदेरी धूळ

सडपातळांची पुढची वाटणी पोटाच्या चौथ्या वलयावर होते. तिसरं आणि चौथं साधारण सारखं असेल, तर आयसोटोमिडी कुळ. चौथं तिसऱ्याच्या कितीतरी पट लांब असेल, तर एंटोमोब्रायिडी किंवा त्यांचे भाऊबंद. भिंगातून हे दिसायला जरा सवय लागते, कारण मूर्ती एका जागी राहत नाही. बशीखाली बर्फाचा तुकडा ठेवा, सुस्तावते.

मग खवले. सागाच्या ओल्या पानाखालचा एखादा चंदेरी चकाकणारा, पाठीला पुढे कुबड असलेला जीव ओल्या ब्रशच्या टोकानं उचलून बशीत ठेवा. आधी तो गप्प पडून राहतो. मग मिशा हलतात. बशी चाचपत, थांबत, पुन्हा चाचपत तो कडेकडेनं निघतो. उजेडाकडे वळला की अंगावर क्षणभर जांभळी झाक येते, दुसरीकडे वळला की ती जाते. आता ब्रशनं हलकेच त्याच्या पाठीवरून एकदा फिरवा. ब्रशच्या केसांना चंदेरी भुकटी लागते, आणि बशीत उरतो एक साधासा फिकट पिवळा किडा! मघाशी ज्याच्या रंगावर आपण भाळलो, तो रंग ब्रशवर आहे. कुबड आणि खवले ही जोडी दिसली तर ‘लेपिडोसिर्टस’चा संशय घ्यायला हरकत नाही. खवले आहेत पण बेचक्याचं टोक विळ्यासारखं वाकडं आणि एकदातीच आहे, तर ‘सैरा’. खवले अजिबात नाहीत, नुसते जाड केस आणि टोकाला दोन दात, तर ‘एंटोमोब्रिया’कडे बघा. पण टोकाचे हे दात सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

म्हणूनच रंगावर जाऊ नका. खवले झडतात, स्पिरिटात रंग उतरतो, कात टाकायच्या वेळी तो बदलतो, आणि एकाच जातीत पट्टे असलेले नि नसलेले दोन्ही निघतात. मोबाइलवर फोटो बघून कुणी छातीठोकपणे जातीचं नाव सांगितलं, तर त्याला विचारा: बेचक्याचं टोक पाहिलंस का?

वारुळात पोटभाडेकरू

धुऱ्यावरचं वाळवीचं वारूळ कोपऱ्यानं जरासं उकरलं (नागोबाची आधी चौकशी करा), तर वाळवीच्या पायांतून पांढरेशुभ्र, आंधळे, खवलेवाले स्प्रिंगटेल पळताना दिसू शकतात. हे ‘सायफोडेरस’. मुंग्यांच्या आणि वाळवीच्या घरात फुकट राहणारं हे मंडळ भारतभर पसरलेलं आहे. ओळख अगदी नेमकी: डोळे शून्य, रंग शून्य, आणि बेचक्याच्या दोन्ही फांद्यांवर झालरीसारखे मोठे खवले. मालकीण हाकलत कशी नाही? एक तर हे चपळ, दुसरं म्हणजे बुरशी आणि उष्टं-खरकटं खाऊन घर साफ ठेवतात.

बेचकं नसलेले

जमिनीत खोल राहणाऱ्याला उडून जायचं कुठे? छताला डोकं आपटेल. म्हणून खालच्या मजल्यावरच्या कित्येकांनी बेचकं टाकूनच दिलं. पांढरं, नळकांडं अंग, डोळे नाहीत, बेचकं नाही, आखूड मिशा, असा जीव मुळांजवळच्या मातीत मिळाला तर तो ओनिकियुरिडी कुळातला असण्याचा संभव मोठा. त्याच्या कातडीवर बारीक गोल छिद्रासारखे ठिपके असतात. कुणी डिवचलं की तिथून चिकट, कडवट द्रव बाहेर येतो आणि हल्ला करणारा कोळीकिडा तोंड वाकडं करून परततो. जात ठरवताना अभ्यासक हे ठिपके डोक्यापासून शेपटापर्यंत मोजतात आणि त्यांचा आकडा सूत्रासारखा लिहितात.

डोळ्यांचंही तसंच. स्प्रिंगटेलला प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त आठ साधे डोळे असतात. वर उजेडात राहणाऱ्याला आठही, थोडा खाली गेलेल्याला पाच किंवा दोन, तळघरातल्याला एकही नाही. म्हणजे नुसते डोळे मोजून तो कितव्या मजल्यावर राहतो, याचा अंदाज बांधता येतो. या हिशेबात विक्रम ‘प्लुटोम्युरस ऑर्टोबालागानेन्सिस’चा. काळ्या समुद्राजवळच्या क्रुबेरा गुहेत जमिनीखाली 1980 मीटरवर तो 2010 मध्ये सापडला. वणीची कोळसा खाण त्यापुढे अंगण.

जात ठरते केसावर

आतापर्यंतचं सगळं कूळ आणि फार तर प्रजाती ओळखण्यापुरतं. जात मात्र केसावर ठरते, अक्षरशः. नमुना लॅक्टिक आम्लात ठेवून पारदर्शक करायचा, काचपट्टीवर बसवायचा, आणि चारशे ते हजारपट सूक्ष्मदर्शकाखाली एकेका वलयावर कुठला जाड केस आहे, कुठला नाही, याचा नकाशा काढायचा. नख्यांच्या आतल्या दातांची संख्या, मिशीच्या टोकावरचा फुगवटा, मिशीमागचं वास घेणारं इंद्रिय, तेही त्याच नोंदीत. पिल्लं मोठ्यांसारखीच दिसतात, पण केस कमी. त्यामुळे लहानग्याला नवी जात समजण्याचा धोका कायम.

भारतात हा उद्योग चांगला शंभर वर्षांहून जुना आहे. 1912 मध्ये ऑगस्टस इम्स यांनी भारत, ब्रह्मदेश आणि श्रीलंकेतल्या कोलेम्बोलांवर निबंध छापला. हो, तेच इम्स, ज्यांच्या जाडजूड कीटकशास्त्राच्या पुस्तकानं कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांना घाम फोडला. तेव्हा ते डेहराडूनला वनप्राणिशास्त्रज्ञ होते. आज भारतातून तीनशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. गंमत म्हणजे केसांचा नकाशाही कधी कधी हात टेकतो. युरोपात जागोजागी सापडणारा ‘पॅरिसोटोमा नोटाबिलिस’ हा एकच गडी समजला जात होता. डीएनए तपासला तर आत किमान चार वेगवेगळे वंश निघाले, दिसायला एकसारखे.

पऱ्हाटीचा अनोळखी गडी

यवतमाळात विषय कापसावर आल्याशिवाय राहत नाही. कोवळ्या रोपाची मुळं कुजवणारी रायझोक्टोनिया बुरशी शेतकऱ्याला चांगली माहीत आहे. झाड माना टाकतं आणि उपटलं की सालटं हातात येतं. अमेरिकेत अलाबामाच्या ऑबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 1980 आणि 1990 च्या दशकांत दाखवलं की बुरशी खाणारे स्प्रिंगटेल कपाशीच्या रोपांभोवतीची रायझोक्टोनिया चरून तिचा जोर कमी करतात. मित्रबुरशी ट्रायकोडर्मा बियाण्याला चोळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं: रोगाची बुरशी स्प्रिंगटेलना ट्रायकोडर्मापेक्षा जास्त रुचते, असंही त्या प्रयोगांत दिसलं.

औषधांची गोष्ट सरळ नाही. पूर्वी शेतात डीडीटी मारलं तेव्हा स्प्रिंगटेल कमी होण्याऐवजी वाढले! अभ्यासकांनी डोकं खाजवलं, मग उलगडलं: डीडीटीनं त्यांना खाणारे शिकारी कोळीकिडे मेले होते. याचा अर्थ औषध त्यांना मानवतं, असा काढू नये. इमिडाक्लोप्रिडसारखी द्रव्यं, ज्यांनी कपाशीचं बियाणं माखलेलं असतं, स्प्रिंगटेलना प्रयोगशाळेत मारतात. मातीत विष किती उरलं हे तपासायला जगभर जो प्राणी प्रमाण म्हणून वापरतात, तो स्प्रिंगटेलच: ‘फोल्सोमिया कँडिडा’. पांढरा, आंधळा, आणि नराशिवाय पिल्लं देणारा. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यात माणसं दगावली. माणसांवरच्या परिणामाची निदान बातमी तरी झाली. मातीतल्यांची तीही होत नाही.

मे महिन्यात कुठे जातात?

पारा 45 ला टेकतो, काळ्या वावराला हात जाईल अशा भेगा पडतात, तेव्हा कातडीतून श्वास घेणारा हा जीव वाचतो कसा? बरेचसे त्याच भेगांतून ओलीच्या मागे खाली उतरतात. काहींची अंडी तग धरतात. ‘फोल्सोमाइड्स’ प्रजातीतले काही तर सुकून सुरकुततात, जवळपास बंद पडतात आणि ओल लागली की पुन्हा चालू होतात.

उलट, पावसात बुडत का नाहीत? कातडीवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी षटकोनी जाळी असते, तिच्यात हवा अडकून राहते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा पाणी सोडाच, कित्येक तेलकट द्रवसुद्धा या कातडीला ओलं करू शकले नाहीत.

पकडायचं असेल तर

इटलीच्या अंतोनिओ बर्लेझे यांनी 1905 मध्ये काढलेली युक्ती आजही चालते, आणि ती घरी होते. थंड पेयाची दोन लिटरची बाटली मधोमध कापा. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवा. त्यात दाराच्या डासजाळीचा तुकडा घाला आणि त्यावर दोन मुठी पालापाचोळा किंवा शेणखत. खाली दोन बोटं स्पिरिट. वरून चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब सोडा. एलईडी नको, त्याला ऊब नसते. माती वरून सुकत जाते, जीव ओलीच्या शोधात खाली सरकतात आणि जाळीतून टपकन पडतात. दोन-तीन दिवसांत काम फत्ते.

जागा निवडताना एकाच प्रकारची नको. सागाखालचा पाला, पऱ्हाटीच्या ओळीतली माती, उकिरडा, पैनगंगेकाठचा ओला गाळ, प्रत्येकाची बाटली वेगळी. नमुने जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला दाखवा. जात पक्की करायची तर त्यांच्यामार्फत पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्राकडे पाठवा. आणि बाटलीच्या आत चिठ्ठी टाकायला विसरू नका: गाव, तालुका, तारीख, जागा, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी पेन्सिलनंच लिहा. स्पिरिटात बॉलपेनची शाई उतरते आणि पत्ता गेलेला नमुना कुणाच्याच कामाचा नसतो.